सीसीएनएसाठी घरी बसून अभ्यास: नेमकं कुठलं पुस्तक घ्यावं?

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग बेळगावात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा. गेली तीन वर्षं इंटरनेट जोडणी देणाऱ्या एका स्थानिक केबलवाल्याकडे कामाला आहे. फायबरचं स्प्लायसिंग (टोकं जोडणं), घरोघरी ओएनयू (फायबर घरात जिथं येऊन लागते ती डबी) बसवणं, पावसाळ्यात झाड पडून तुटलेली तार शोधत रानातनं फिरणं, हे सगळं अंगवळणी पडलंय. पण राउटरच्या आत काय चालतं ते कळत नाही. गिऱ्हाइकाचं नेट बंद पडलं की मी आधी ओएनयूवरचा लाल दिवा बघतो. लाल नसला तर ऑफिसला फोन. तिकडचा माणूस दोन मिनिटं काहीतरी टाइप करतो आणि नेट चालू. त्यानं काय टाइप केलं हे मला यायला पाहिजे, एवढी एकच गोष्ट मनात घेऊन सीसीएनए ही सिस्को कंपनीची नेटवर्किंगची परीक्षा द्यायचं ठरवलंय.

क्लास नको. एकदा एका क्लासला पैसे भरून बसलोय. दोन महिन्यांत शिकवणारे तीन वेळा बदलले आणि शेवटी "हेच प्रश्न येतात, पाठ करा" म्हणून पेनड्राइव्हवर एक फाइल दिली. मला पास व्हायचंय, पण काम यायलाही पाहिजे. म्हणून यावेळी पुस्तक घेऊन स्वतःच बसणार आहे.

दोन गोष्टी सांगा. जुन्या पुस्तकांच्या दुकानात २०१६ सालचं एक जाडजूड सीसीएनएचं पुस्तक २०० रुपयांत मिळतंय, ते घेऊ का? आणि दुसरं, इंग्रजी मला वाचता येतं पण एक पान समजून घ्यायला अर्धा तास जातो. अशानं हजार-दीड हजार पानं कधी संपायची?

निपाणकर

ते २०० रुपयांचं पुस्तक दुकानातच राहू दे भावा. २०१६ चं म्हणजे जुन्या परीक्षेचं. त्यावेळी आयसीएनडी-१ आणि आयसीएनडी-२ असे दोन पेपर तरी द्यायचे, नाहीतर २००-१२५ हा एक मोठा पेपर. २४ फेब्रुवारी २०२० पासून ते सगळं जाऊन २००-३०१ हा एकच पेपर आला. ऑगस्ट २०२४ पासून त्याचीच १.१ आवृत्ती चालू आहे. जुन्या पुस्तकात ईआयजीआरपीची (राउटरनं रस्ते शोधायची एक पद्धत) मोठमोठी प्रकरणं आहेत, ती वाचण्यात तुझा महिना जाईल आणि पेपरात त्याचं कॉन्फिगरेशन विचारणार नाहीत. आणि जे विचारणार, म्हणजे ऑटोमेशन (नेटवर्कची कामं प्रोग्रामकडून करून घेणं) आणि त्यासाठी लागणारं जेसन, रेस्ट एपीआय, अँसिबल, टेराफॉर्म, ते त्या पुस्तकात फारसं मिळायचं नाही. पुस्तक घेताना मुखपृष्ठावर २००-३०१ हा आकडा आहे का बघ, आणि आवृत्ती दुसरी आहे का तेही बघ.

मी पुण्यात एका नॉकमध्ये (नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रात) रात्रपाळी करतो. घर निपाणीला. मी वेंडेल ओडम यांचं सिस्को प्रेसचं ऑफिशियल सर्ट गाइड वाचून पास झालो. दोन खंड आहेत. तुझ्यासारखाच पहिल्या प्रकरणात अडकलो होतो, कारण मी ते कादंबरीसारखं पहिल्या ओळीपासून वाचत होतो. तसं वाचायचं नाही. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला छोटी प्रश्नावली असते, "हे मला आधीच येतं का" अशी. ती आधी सोडव. जे चुकलं तो भाग बारीक वाच, जे बरोबर आलं तो भाग नजरेखालून घाल. तू तीन वर्षं तारा जोडतोयस, केबलचं प्रकरण तुला कुणी शिकवायची गरज नाही. डोळे मिटून सांग बघू आरजे-४५ प्लगमधल्या तारांचा क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. क्रिंपिंग करताना हे तू शेकडो वेळा केलंस. हिरवी जोडी तिसऱ्या आणि सहाव्या पिनवर का फाकवली हे तेवढं पुस्तकातनं समजून घे. शंभर एमबीपीएसच्या इथरनेटमध्ये एक जोडी १-२ वर आणि दुसरी ३-६ वर चालते, पाठवायला एक आणि घ्यायला एक. हाताला माहीत असलेल्या गोष्टीला कारण मिळालं की ती विसरत नाही.

गुणांची वाटणीही ध्यानात ठेव. आयपी कनेक्टिव्हिटीला म्हणजे राउटिंगला २५ टक्के, नेटवर्क फंडामेंटल्सला २० आणि नेटवर्क ॲक्सेसला म्हणजे स्विचिंगला २०, सिक्युरिटीला १५, आयपी सर्व्हिसेस आणि ऑटोमेशनला १०-१०. म्हणजे स्विचिंग आणि राउटिंग पक्कं झालं की निम्मं घर बांधून झालं. ऑटोमेशनला घाबरून लोक सोडून देतात, तसं करू नको. त्यातलं बरंचसं वाचून कळण्यासारखं आहे.

यळ्ळूरचा

निपाणकर दादांचं पटतंय, पण एक सांगतो. ओडमचं पुस्तक लई खोल जातंय. मराठी मीडियमच्या पोराला पहिल्याच दमात ते दिलं की पोरगं चौथ्या प्रकरणात पुस्तक मिटवून ठेवतंय, मी हे माझ्या सख्ख्या भावाचं बघालोय. टॉड लॅमलचं पुस्तक घे की. बोलल्यासारखं लिवलंय, वाक्यं छोटी हायत. ते एकदा वाचून काढ आणि मग ओडमचं संदर्भाला ठेव.

निपाणकर

लॅमल चांगलंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण दोन पुस्तकं एकदम घेऊ नको रे. मी तीन घेतली होती. एका विषयाची तीन स्पष्टीकरणं वाचून सगळं कळल्यासारखं वाटायचं आणि हातानं काहीच यायचं नाही. लॅमल आवडलं तर लॅमल घे, पण मुख्य पुस्तक एकच ठेव आणि ते शेवटच्या पानापर्यंत ने. अडलं तर यूट्यूबवर जेरेमीज आयटी लॅबचा पूर्ण कोर्स फुकट आहे, तेवढं प्रकरण त्यावर बघ आणि परत पुस्तकाकडे ये.

वडगावची लेक

मलप्रभाकाठ, इंग्रजीचं सांगते. माझीही मराठी शाळा. आमच्या घरात चार माग, दिवसभर खडखडाट. रात्री माग थांबले की मी अभ्यासाला बसायची. पहिले पंधरा दिवस मी रोज रडले असेन. मग एक पद्धत बसवली. प्रत्येक प्रकरण वाचून झालं की पुस्तक बंद करायचं आणि वहीत आपल्या मराठीत लिहायचं, आईला समजावून सांगतेय असं धरून. शब्द इंग्रजीच ठेवायचे, कारण पेपरात तेच येणार. फ्रेम, पॅकेट, गेटवे (आपल्या नेटवर्कबाहेर नेणारा राउटर), लीज, सगळं तसंच. पण वाक्य आपलं. "पीसीला दुसऱ्या नेटवर्कमध्ये काही पाठवायचं असलं की तो गेटवेचा मॅक ॲड्रेस विचारतो, समोरच्या मशीनचा नाही." हे वाक्य मला मराठीत लिहिता आलं त्या दिवशी एआरपी, म्हणजे आयपीवरनं मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर) शोधायची पद्धत, कळलं. त्याच्या आधी मी ते इंग्रजीत चार वेळा वाचलं होतं. पान वाचायला अर्धा तास लागतोय तर लागू दे. पन्नास-साठ पानांनंतर तेच तेच शब्द फिरून यायला लागतात आणि वेग आपोआप वाढतो.

आता सबनेटिंग, म्हणजे एका मोठ्या नेटवर्कचे लहान तुकडे करणं. याच्यावर बहुतेक जण अडतात म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्या घरी साडी घडी घालताना जे होतं तेच यात आहे. समज २५६ पत्त्यांचं एक सलग कापड आहे. ते म्हणजे /२४, पत्त्याच्या ३२ बिटांपैकी पहिले २४ नेटवर्कचे. एक घडी घातली की १२८ चे दोन तुकडे, ते /२५. अजून एक घडी, ६४ चे चार तुकडे, /२६. अजून एक, ३२ चे आठ, /२७. मग १६, मग ८, मग ४. चोवीसच्या पुढे जितके बिट तितक्या घड्या.

आता १९२.१६८.१०.७७/२६ हा पत्ता कुठल्या नेटवर्कमधला? दोन घड्या, म्हणजे तुकडा ६४ चा. तुकडे सुरू होतात ०, ६४, १२८, १९२ वर. ७७ हा ६४ ते १२७ या तुकड्यात पडला. आणि प्रत्येक तुकड्याला साडीसारखे दोन काठ असतात. अलीकडचा काठ ६४, तो नेटवर्कचा पत्ता. पलीकडचा काठ १२७, तो ब्रॉडकास्ट, म्हणजे तुकड्यातल्या सगळ्यांना एकदम हाक मारायचा पत्ता. हे दोन काठ कुठल्याही मशीनला द्यायचे नाहीत. मधलं अंग ६५ ते १२६, म्हणजे ६२ पत्ते, ते वापरायचे. मास्क (पत्त्यातला नेटवर्कचा भाग कुठवर ते सांगणारा आकडा) काढायचा तर २५६ मधनं ६४ वजा कर, १९२. म्हणून मास्क २५५.२५५.२५५.१९२.

बायनरी समजून घे, टाळू नको. पण पेपरात १२० मिनिटं असतात आणि प्रत्येक गणित बायनरीत मांडत बसलास तर वेळ पुरणार नाही. रोज सकाळी दहा गणितं तोंडी, चहा होईपर्यंत. मी महिनाभर हे केलं.

मलप्रभाकाठ

ताई, घड्यांचं वाचून मी लगेच वही काढली. /२८ म्हणजे चार घड्या, १६ चा तुकडा, मधले १४ पत्ते. बरोबर ना? आमच्याकडं नवीन कनेक्शनला ऑफिसमधनं जो आयपी लिहून देतात त्याच्यापुढं /३० असतं. सहा घड्या, ४ चा तुकडा, दोन काठ जाऊन दोन पत्ते. म्हणजे एक त्यांच्या बाजूला आणि एक गिऱ्हाइकाच्या बाजूला! तीन वर्षं तो आकडा मी नुसता उतरवून घेत होतो.

ओडमचा पहिला खंड मागवलाय. आता विचारायचंय ते प्रॅक्टिसचं. जुना स्विच-राउटर विकत घ्यावा लागतो का?

अथणीकडचा

नाही घ्यावा लागत. पॅकेट ट्रेसर हे स्क्रीनवरच स्विच-राउटर जोडून बघायचं सिस्कोचंच सॉफ्टवेअर आहे, नेटवर्किंग ॲकॅडमीच्या साइटवर खातं काढलं की फुकट मिळतं. साध्या लॅपटॉपवर चालतं. सीसीएनएपुरतं जवळजवळ सगळं त्यात करता येतं.

पण मला स्पॅनिंग ट्रीबद्दल (स्विचच्या जोडण्यांत वर्तुळ होऊ न देणारी पद्धत) सांगायचंय, कारण पुस्तकात ते प्रकरण सगळ्यात कोरडं वाटतं आणि लोक वरवर वाचून पुढे जातात. मीही गेलो होतो. पेपर पास झालो, एका साखर कारखान्यात नेटवर्क सांभाळायला लागलो. ऐन गळीत हंगाम. एके दिवशी सकाळी नऊला सगळं ठप्प. वजनकाट्यावरचा संगणक सर्व्हरशी बोलेना. बाहेर उसाच्या ट्रॅक्टर-बैलगाड्यांची रांग रस्त्यापर्यंत, गाडीवान हॉर्न वाजवताहेत, शेती अधिकारी माझ्या डोक्यावर उभे. स्विचच्या खोलीत गेलो तर सगळे दिवे एकाच वेळी पिसाटल्यासारखे लुकलुकत होते. कुठलाही स्विच बंद-चालू केला तरी मिनिटात तेच.

एकेक तार काढत गेलो. काट्याच्या केबिनकडे जाणारी तार काढली आणि दिवे शांत झाले. तिथं टेबलाखाली आठ पोर्टचा साधा स्विच होता. कुणीतरी झाडताना एक सुटी पॅच कॉर्ड लोंबकळताना बघितली आणि नीट दिसावी म्हणून तिचं दुसरं टोकही त्याच स्विचमध्ये खोचलं होतं. झालं. आयपी पॅकेटला टीटीएल असतो, फिरून फिरून तो शून्य झाला की पॅकेट मरतं. इथरनेट फ्रेमला तसं काहीच नाही. ब्रॉडकास्ट एकदा त्या वर्तुळात शिरला की तार काढेपर्यंत फिरतच राहतो, आणि प्रत्येक फेरीला आमच्या सगळ्या स्विचवर सांडत राहतो.

त्या संध्याकाळी मी ते प्रकरण परत काढलं. आमच्या मुख्य स्विचवर त्या पोर्टला बीपीडीयू गार्ड लावलेला असता तर स्वतःचाच बीपीडीयू (स्विच एकमेकांना पाठवतात तो स्पॅनिंग ट्रीचा निरोप) फिरून परत आल्या क्षणी पोर्ट बंद पडला असता. एका काट्याचं काम अडलं असतं, कारखान्याचं नाही. दोन ओळींचं कॉन्फिगरेशन. अजून एक बघितलं: आमचा रूट ब्रिज (स्पॅनिंग ट्री ज्याला मुख्य धरते तो स्विच) कोण होता? सगळ्यांची प्रायॉरिटी मूळचीच ३२७६८, मग निकाल लागतो तो मॅक ॲड्रेसवर, ज्याचा सगळ्यात लहान तो रूट. साधारणपणे लहान मॅक म्हणजे जुना स्विच. आमच्याकडे स्टोअरमधला सगळ्यात जुना, धुळीनं भरलेला स्विच अख्ख्या कारखान्याचा राजा होऊन बसला होता. प्रायॉरिटी बदलून तो मान सर्व्हर रूममधल्या स्विचला दिला.

१.१ आवृत्तीत रूट गार्ड, लूप गार्ड, बीपीडीयू गार्ड, बीपीडीयू फिल्टर हे अभ्यासक्रमात नावानिशी आलेत. बरंच झालं. पॅकेट ट्रेसरमध्ये तीन स्विच त्रिकोणात जोड, कुठला पोर्ट नारिंगी होतोय ते आधी कागदावर लिही आणि मग बघ. तुझं उत्तर चुकेल. का चुकलं ते शोधण्यात संपूर्ण प्रकरण येऊन जातं.

यळ्ळूरचा

अथणीकर, हे वाचून अंगावर काटा आला. उद्याच आमच्या ऑफिसातली टेबलाखालची तार बघतो.

मलप्रभाकाठ, त्या पेनड्राइव्हच्या फाइलचं काय केलंस? पुसून टाक बाबा. आमच्यातला एक जण तसल्या फाइलवर पास झाला. मुलाखतीत विचारलं, एकाच ठिकाणी जायचा रस्ता ओएसपीएफनंही (राउटर आपापसात रस्ते सांगतात ती पद्धत) सांगितलाय आणि स्टॅटिकनंही (हातानं घातलेला रस्ता), राउटर कुणाचं ऐकणार? गप्प बसला. सर्टिफिकेट हातात आणि नोकरी गेली.

निपाणकर

पुसून टाकच. ते सिस्कोच्या नियमात बसत नाही, सापडलं तर निकाल रद्द होतो आणि पुढं परीक्षेला बसण्यावर बंदी येऊ शकते. कर धरून तीस हजारांच्या घरात जाणारी फी आहे, ३०० डॉलर. घाम गाळून भरलेले पैसे तसल्या फाइलवर लावू नको.

यळ्ळूरच्या प्रश्नाचं उत्तर इथंच देतो, कारण हा पाया आहे. रस्ता तोच, मास्कही तोच असेल तर ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (रस्ता सांगणाऱ्यावरचा भरवसा ठरवणारा आकडा) बघतात. थेट जोडलेल्याचा ०, स्टॅटिकचा १, ओएसपीएफचा ११०. लहान आकडा जिंकतो, म्हणून स्टॅटिक. पण मास्क वेगळे असतील तर ही तुलना होतच नाही. ओएसपीएफनं /२६ दिला आणि स्टॅटिकनं /२४, तर त्या तुकड्यातल्या पत्त्यासाठी पॅकेट ओएसपीएफच्या वाटेनं जातं, कारण जास्त नेमका रस्ता आधी. पेपरात या दोन गोष्टी मुद्दाम एकत्र करून विचारतात.

सरावाचं एक: कमांड नुसत्या टाइप करू नको. ओएसपीएफ चालू करून झालं की मुद्दाम बिघाड कर. एका बाजूचा एरिया (ओएसपीएफचा गट) बदल, हॅलो टायमर (किती सेकंदांनी शेजाऱ्याला हाक द्यायची ते) १० चा ५ कर, आणि शेजारी राउटर तुटतो तेव्हा "शो" कमांडमध्ये काय काय बदलतं ते वहीत लिही. तुझ्या ऑफिसमधला माणूस फोनवर दोन मिनिटांत जे करतो ते हेच. आधी बघतो, मग टाइप करतो.

हिंडलगा रोड

परीक्षा घरून द्यायचा विचार असेल तर माझा अनुभव वाच. पीअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीकडून ऑनलाइन घेता येते. खोलीचे चारी बाजूंनी फोटो द्यायचे, टेबल रिकामं, पूर्ण वेळ कॅमेऱ्यासमोर, खोलीत दुसरं कुणी यायचं नाही. मी जुलैमध्ये घेतली, ही माझी चूक. लाइट गेली, इन्व्हर्टरवर लॅपटॉप चालला पण नेट गेलं, आणि परत जोडेपर्यंत जीव अर्धा झाला. शिवाय आमचं एकत्र कुटुंब, दाराला आतून कडी लावून बाहेर मोठ्या काकांना बसवलं होतं. त्या पेपरात नापास झालो. अभ्यास कमी होता हेही खरं, पण डोकंच ठिकाणावर नव्हतं.

दुसऱ्यांदा सेंटरवर दिली. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्री निघालो, सकाळी बेंगळूर. मामाकडे आंघोळ करून दुपारचा स्लॉट. शांत खोली, त्यांचाच संगणक. पास झालो. नापास झाल्यावर पाच दिवस थांबावं लागतं, पण मी दोन महिने थांबलो आणि तेच बरोबर ठरलं.

तुझ्याकडे पावसाळ्यात काय होतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. सेंटरच घे.

अजून एक, आपल्या भागात हे फार होतं म्हणून सांगतो. नाव. आपल्या मार्क्स कार्डवर नावापुढं इनिशियल, आधारवर वडिलांचं नाव आणि आडनाव, त्यातही कन्नडमधनं इंग्रजीत येताना स्पेलिंग वेगळं. खातं काढताना ओळखपत्रावर जसं आहे तसंच नाव घाल, अक्षर न् अक्षर. जुळलं नाही तर दारातनं परत पाठवू शकतात.

आणि पेपरात मागं जाता येत नाही. एकदा "नेक्स्ट" दाबलं की तो प्रश्न गेला. लॅबचे (कमांड टाइप करून सोडवायचे) प्रश्न येतात, त्यांना वेळ लागतो, त्यासाठी मिनिटं राखून ठेव.

मलप्रभाकाठ

महिन्यानं लिहितोय. पहिला खंड निम्मा झाला. रोज पाच पानं, रविवारी पंधरा. मराठीतली दुसरी वही चालू आहे. पेनड्राइव्ह फॉरमॅट करून त्यात पॅकेट ट्रेसरच्या फाइली ठेवल्यात.

परवा एका गिऱ्हाइकाकडं ओएनयू हिरवा, नेट नाही. फोन करायच्या आधी मी लॅपटॉप लावून बघितलं. आयपी मिळाला होता तो १६९.२५४ नं सुरू होणारा. म्हणजे डीएचसीपीकडून (आपोआप आयपी वाटणारी यंत्रणा) उत्तरच आलेलं नाही, मशीननं स्वतःच पत्ता लावून घेतलाय. ऑफिसला फोन करून "नेट बंद आहे" म्हणण्याऐवजी "डीएचसीपी मिळत नाही, पूल संपलाय का बघा" म्हटलं. तिकडं क्षणभर कुणी बोललंच नाही. मग म्हणाले, हो, वाटायच्या पत्त्यांचा पूल संपलाय.

आता एक गणित तपासून द्या कुणीतरी. १७२.१६.३५.१२३/२०. सोळाच्या पुढं चार घड्या, म्हणजे तिसऱ्या आकड्यात १६ चे तुकडे: ०, १६, ३२, ४८. ३५ हा ३२ मध्ये. नेटवर्क १७२.१६.३२.०, ब्रॉडकास्ट १७२.१६.३२.२५५. बरोबर?

वडगावची लेक

नेटवर्क बरोबर. ब्रॉडकास्ट चुकला. घडी तू तिसऱ्या आकड्यात घातलीस, मग पलीकडचा काठही तिसऱ्या आकड्यातच शोध. तुकडा ३२ ते ४७ आहे. तू पहिल्या पट्टीच्या टोकाला थांबलास, कापड अजून पंधरा पट्ट्या पुढं आहे. १७२.१६.४७.२५५. मधले पत्ते ४०९४.

आता १०.२०.२००.९/१३ करून टाक. यात घडी दुसऱ्या आकड्यात पडते.